अंबूताईचं इंजिन

हुबळी, ४ जुलै १९९९

ति. अण्णा,

'तीर्थरूप'च्या पुढं अजून काय काय लिहायचं असतं, ते मास्तरांनी शिकवलं त्या दिवशी मी त्यांच्याच सायकलची हवा सोडायला गेलतो. त्यामुळं तेवढ्यावर भागव.

बोटीचं इंजिन कारवारहून इथं पोचलं. आरबैल घाटात दरड आलती, लॉरी अडकून पडली. ड्रायव्हर उतरल्या उतरल्या माझ्यावर ओरडला, "येनप्पा, इंजिन म्हणून सांगितलं आणि सुकी मासळी भरलीत काय?" वास येतोच आहे. फेब्रुवारीत आत खारं पाणी गेलं ते गेलं, दुसरं काय होणार. गोकुळ रोडला धोंडिबा मेस्त्रीच्या गॅरेजात उतरवलं. मेस्त्रीनं नाकाला रुमाल लावून भोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "पुंडलिक, हे लॉरीचंच इंजिन की रे. ह्याला अंघोळ कुणी घातली?"

मी म्हटलं, "मीच की, मेस्त्री. रंग लावून घातली."

सगळं गॅरेज हसलं. हसू दे. दुर्गदबैलाच्या बाजारात आता मला 'रंगारी' म्हणतात. परवा आपल्या दुकानासमोरचा कापडवाला म्हणाला, "पुंड्या, आमच्या दाराला रंग मारतोस काय? पण दार गळून पडायचं नाही ना?" मी म्हटलं, "पडलं तर बरंच की मालक, गिऱ्हाईक तरी आत येईल."

अप्पा मात्र हसत नाहीत. घरचं हार्डवेअरचं दुकान, अर्ध्या फळ्या रंगाच्या डब्यांच्या, आणि मला डब्याला हात लावू देत नाहीत. खिळे विक, कड्या विक, रंगाचं गिऱ्हाईक आलं की "तू सर बाजूला." कारवारहून कुणीतरी दुकानात फोन करून "अंबूताई वाहून गेली" म्हणून सांगितलं, तेव्हाचं त्यांच्या छातीत बसलंय ते बसलंय. आई आत आमटीला फोडणी देत होती म्हणे, आणि हे रिसीव्हर धरून सिमेंटच्या पोत्यावर बसले. बोटीला आईचं नाव नको, वहिनीचं दे, असं मी तेव्हाच म्हटलेलं.

असो. खरं लिहायचं ते हे. इंजिनाबरोबर तू चिठ्ठी दिलीस, "दसऱ्याला बोट पाण्यात घालू. तूही ये. सुकाणू तुझ्याकडंच." अण्णा, त्या सुकाणूला परत हात लागेल असं मला वाटलंच नव्हतं. ह्या एका ओळीवर मी इंजिन दातांनी घासून काढीन.

आई विचारते, तब्येत बरी आहे काय. तिला अजून वाटतंय तू मासे फक्त पकडतोस, खात नाहीस.

तुझा
पुंडलिक

हुबळी, २६ जुलै १९९९

ति. अण्णा,

हेड उघडलं. आत बघून मेस्त्रीनं कपाळाला हात लावला. पिस्टन जागेवर असे धरून बसलेत जसे सरकारी नोकरीतले. वरून डिझेल ओतून भिजत ठेवलं, रोज लाकडाचा ठोकळा ठेवून हळूच ठोकायचं, हललं नाही की परत भिजवायचं. शेवटचा सुटला तेव्हा मेस्त्रीनं स्वतःच्या खिशातून सगळ्यांना चहा सांगितला. म्हणजे केवढी गोष्ट झाली ते समज. क्रँक ग्राइंडिंगला गेलाय. स्लीव्ह, रिंगा, बेअरिंगं सगळं नवं. पंप उघडला तर आत मीठच मीठ.

मेस्त्री रोज एकच विचारतो, "पण ह्याचा रेडिएटर कुठाय?"

"समुद्र हाच रेडिएटर, मेस्त्री. पाणी बाहेरून ओढतं आणि गार होतं."

"आणि पाणी संपलं म्हणजे?"

"हुबळीचा नळ नव्हे हो तो, आठवड्यातून एकदा यायला!"

काल तो दुपारचा आडवा झालता, तर मी आपला बोटीचा भोंगा बॅटरीला जोडून त्याच्या बाकड्याखाली सरकवला. वाजल्याबरोबर उठून तो आधी रस्त्यावर गेला आणि मग जागा झाला. दिवसभर मला नुसते पाने पुसायला बसवलं. संध्याकाळी मात्र म्हणाला, "हात चांगला आहे रे तुझा, डोकं तेवढं माकडाचं."

आठवतंय तुला, ही बोट घ्यायला आपण गोव्याला गेलतो ते? तू देशपांडे नगरच्या शिंप्याकडची नवी पँट घालून आलास, जसं काय मुलगी बघायला. बोटीचा मालक, तो म्हातारा गोरा, आपला गाशा गुंडाळून त्याच्या देशाला निघालता. बोटीच्या दोन्ही बाजूला टोळाच्या मिशांसारख्या लांब काठ्या, आणि मागं मधोमध न्हाव्याकडं असते तसली फिरती खुर्ची. गळाला मोठा मासा लागला की त्यात बसून ओढायचा. तू साहेबासारखा बसलास आणि मी तुला गरागरा फिरवलं. म्हातारा सुद्धा हसला. मग तू नारळ वाजवून बघावा तशी सगळी बोट ठोकत गेलास. मी खाली उतरून तळातल्या पाण्यात करंगळी बुडवून चाखलं. गोडं लागलं, म्हणजे पावसाचं, गळती नाही. तेलाची काडी काढून बघितली, ताकासारखं पांढरं नव्हतं, म्हणजे तेलात पाणी नाही. सुरू केल्यावर काळा धूर आला आणि मग साफ झाला.

परत येताना बसमध्ये तू म्हणालास, "पुंड्या, नाक तुझं, डोकं माझं. दोघांत मिळून एक माणूस होतो आपण." पी.यू.सी.च्या परीक्षेत दुसऱ्यांदा नापास झालेल्याला कोण असं म्हणतं?

ह्या खेपेला काही चुकणार नाही. जस्त, तेल, गाळण्या, सगळं मी बघतो.

पुंडलिक

हुबळी, १७ ऑगस्ट १९९९

ति. अण्णा,

एक गंमत झाली. नीट वाच.

इंजिनाबरोबर बोटीवरच्या कृष्णानं सुट्या सामानाची पेटी भरून दिली ना, ती काल तळापर्यंत उपसली. नटबोल्टाच्या खाली एक गोणपाटाची पुरचुंडी. आत काय, तर आपण तिघं. अप्पा, तू आणि मी.

तुला आठवत नसेल तर सांगतो. गेल्या खंडेनवमीला बोट किनाऱ्यावर ओढून ठेवलेली. इथं गॅरेजात करतात तशी मी तिची पूजा मांडली. सगळं धुतलं, घासलं, झेंडू लावला, कोहळा फोडला. लिंबू चाकाखाली ठेवायचं तर चाक नाही, म्हणून पंख्याच्या पात्याखाली ठेवलं. आणि खाली शाफ्टवर, सुकाणूवर ते तीन करडे ठोकळे, कुजक्या सुरणासारखे दिसणारे. पूजेला असलं घाण ठेवायचं? मी घरचा निळा ऑइलपेंट मारला. वाळल्यावर वर तोंडं काढली. अप्पांचं चष्म्याचं, तुझं मिशांचं, माझं जीभ काढलेलं. हळदकुंकू लावून मोकळा. तू बघून हसलास सुद्धा. दुसऱ्या दिवशी मला गाळण्या आणायला हुबळीला पाठवलंस. परत आलो तेव्हा बोट पाण्यात होती, आणि भाडं भरलेले साहेब लोक गळ घेऊन बसलेले.

मग फेब्रुवारीत भर समुद्रात शाफ्ट तुटला, पंखा गेला, आपण वाहत जाऊन खडकाला लागलो. तेव्हा तू सगळ्यांसमोर सांगितलंस, की ते ठोकळे जस्ताचे. समुद्र धातू खायला येतो, तो आधी जस्त खातो आणि बाकीचं सोडतो. जस्ताला रंग मारला की त्याला ते खाता येत नाही, मग तो शाफ्ट खातो, पंखा खातो. "ह्या मूर्खानं रंग मारला," म्हणालास. खरं होतं. मी मारलाच होता.

पण अण्णा, तोंडं जशीच्या तशी आहेत. तुझी मिशी पीळदार. कुंकू बोटाला लागतंय. पाच महिने समुद्रात बुडालेल्या वस्तूवर कालवं धरतात, शेवाळ धरतं. ह्यांच्यावर मिठाचा कण नाही. मेस्त्रीनं हातात घेऊन बघितलं आणि म्हणाला, "हे पाण्यात गेलंच नाही रे कधी."

कृष्णाला जरा विचार ना, ही पुरचुंडी त्यानं कुठून उचलली? काहीतरी घोटाळा असणार.

पुंडलिक

हुबळी, २ सप्टेंबर १९९९

अण्णा,

पत्र मिळालं. दोन ओळी. "जुनं उकरत बसू नको. इंजिन कधी होतंय ते कळव."

मी कुठं उकरलं? पेटीतून आपणहून वर आलं.

इंजिन गणपतीनंतर उभं राहील. कृष्णाला विचारलंस काय, ते लिहिलं नाहीस. सुकाणूचंही ह्या वेळी काही लिहिलं नाहीस. विसरला असशील. मी मात्र रात्रंदिवस एकच हिशोब करतोय, की पूजा झाली आणि बोट पाण्यात गेली, त्या मधल्या वेळात मी हुबळीत. कृष्णा त्याच्या बहिणीच्या घरी अंकोल्याला. बोटीजवळ राहिलं कोण?

दुसरं कुणी असेल तर सांग. कुणाचंही नाव सांग, मी ऐकतो.

पुंडलिक

हुबळी, १६ सप्टेंबर १९९९

अण्णा,

काल वहिनीचा फोन आला दुकानात. अप्पा गणपतीच्या आरतीला शेजारी गेलते, म्हणून मी उचलला. मी काही विचारायच्या आधीच ती रडायला लागली. वेदश्रीवहिनी स्वतःच्या लग्नात सुद्धा रडली नव्हती.

सगळं सांगितलं तिनं. मी हुबळीला निघालो त्याच दिवशी एक जुना खलाशी बोट बघायला आला आणि म्हणाला, जस्ताला कुणी रंग मारलाय, असं पाण्यात घालू नका. तू ते तिन्ही काढलेस. रंग खरवडून निघेना, म्हणून गोव्याहून नवे मागवायचं ठरवलंस. बरोबरच केलंस की. पण साहेब लोक येऊन बसले, हंगामाचा पहिला फेरा, तू म्हणालास, "चार दिवसांनी घालू." आणि तशीच उतरवलीस. जस्ताशिवाय. ते चार दिवस कधी आलेच नाहीत.

राहून गेलं. होतं असं. मी असतो तर माझ्याकडूनही राहिलं असतं, मला काय कमी विसर पडतो? ते मी धरत नाही.

पण खडकावर, गुडघाभर पाण्यात उभं राहून तू माझ्याकडं बोट केलंस. तुला माहीत होतं तेव्हा. ती तोंडं तुझ्याच घरात, तुझ्याच माळ्यावर पडलेली होती; तिथूनच कृष्णानं ती नकळत पेटीत भरली. आणि मी तुझे पाय धरले, अण्णा. ओल्या कपड्यात. म्हटलं, चुकलं, परत कधी हात लावणार नाही. तू मला उठवलंस आणि म्हणालास, "जाऊ दे, लहान आहेस." केवढा मोठा वाटलास मला तेव्हा!

अप्पांनी एवढं ऐकवलं, मी मान खाली घातली. दुर्गदबैलात मला रंगारी म्हणायला लागले, मी त्यांच्याबरोबर हसलो. एवढंच नव्हे, कुणाच्या बारशाला, कुणाच्या हळदीला, मी स्वतः नक्कल करून दाखवायचो. असा ब्रश धरला, अशी तोंडं काढली, आणि मग असा धाडकन शाफ्ट! लोक पोट धरून हसायचे. लोकांच्या खोड्या काढत मोठा झालोय मी. पण माझी स्वतःची खोडी तू काढलीस आणि तिचा खेळ मीच गावभर करत फिरलो. असली खोडी मला सुद्धा कधी सुचली नसती.

वहिनी म्हणाली, "भावजी, अप्पांना कळलं तर ते ह्यांना उभं करणार नाहीत दारात. सांगू नका." मी म्हटलं, "वहिनी, मी सांगून उपयोग काय? माझं कोण खरं मानतंय?"

तर ऐक. मी अप्पांना सांगणार नाही. इंजिन न्यायला तू येणार आहेस खंडेनवमीला. मेस्त्रीकडं पूजा असते, अप्पाही येतात. त्यांच्यासमोर एकच वाक्य बोल. "अप्पा, पुंड्याची चूक नव्हती." का, कसं, काही सांगू नको. पुढचं मी हसण्यावारी नेतो, मला जमतं ते. एवढं बोललास की मी त्याच लॉरीत तुझ्या शेजारी बसून येतो आणि मरेपर्यंत तुझं सुकाणू धरतो.

पुंडलिक

हुबळी, २७ ऑक्टोबर १९९९

अण्णा,

तू गेल्यावर मी पत्र लिहिणार नव्हतो. पण काल वहिनीचा परत फोन आला, म्हणून लिहितोय.

खंडेनवमीला मेस्त्रीनं इंजिनाला केवढा मोठा हार घातलता, बघितलास ना? धुऊन, पुसून, नवरदेवासारखं स्टँडवर. मी मुद्दाम कुठंच रंग मारला नव्हता. अप्पांनी नारळ फोडला. मग त्यांनी चष्म्यातून मला बघितलं आणि सगळ्या गॅरेजाला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याच्या हातात डबा देऊ नका रे, आमच्या थोरल्याची बोट परत बुडवेल!"

सगळे हसले. मेस्त्री तेवढा नाही हसला.

मी तुझ्या तोंडाकडं बघत होतो. म्हटलं आता. ह्याच्यापेक्षा सोपी वेळ मिळायची नाही. हसत हसत सुद्धा बोलता आलं असतं तुला. तू माझ्याकडं बघितलंस, मग अप्पांकडं, आणि हसलास. नुसता हसला असतास तरी चाललं असतं, पण वर म्हणालास, "नाही नाही, आता शहाणा झालाय तो."

मेस्त्रीनं इंजिन सुरू केलं तेव्हा कुणालाच काही ऐकू येत नव्हतं, बरं झालं. काय आवाज होता, अण्णा! एका तालात. स्टँडवर पाण्याचा ग्लास ठेवला तर पाणी नुसतं थरथरत होतं, सांडत नव्हतं. अप्पांनी मान डोलावली. माझ्यासाठी नव्हे, इंजिनासाठी. पण डोलावली.

लॉरी भरून झाल्यावर तू मला बाजूला घेतलंस. मला अजून वेडी आशा. आणि तू काय विचारलंस? हळू आवाजात, "पुंड्या, खरं सांग, आत काही केलं नाहीस ना?"

मी म्हटलं, "काय करणार?"

"तुझं काही सांगता येत नाही. रागात आहेस तू."

"नाही केलं."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

मग तू खांद्यावर हात टाकून म्हणालास, "चल, बस लॉरीत. तांडेल तूच, सुकाणू तुझंच. झालं गेलं विसर."

आणि मी नाही म्हणालो. तुला वाटलं रुसलोय. अप्पांना वाटलं माजलोय. खरं कारण तेव्हा बोलता आलं नाही, आता लिहितो. समुद्रात काहीतरी मोडणारच, जुनी बोट आहे. आज पंप जाईल, उद्या सुकाणूची साखळी. आणि मोडलं की तू कुणाचं नाव घेणार, ते मला आधीच माहीत. ते ऐकायला म्हणून मी कारवारपर्यंत येऊ?

तर वहिनी काय म्हणाली काल. लॉरी तू वाटेत कलघटगीलाच थांबवलीस आणि ताडपत्री काढून इंजिन बघितलंस. कारवारला बसवल्यावर तू ते परत उघडलंस. कृष्णानं सांगितलं, सगळं ठीक आहे. तरी उघडलंस. टाकीतलं डिझेल काढून गाळून बघितलंस, तेल काढून बघितलंस, कुठं साखर, कुठं वाळू. होज काढून आत तार फिरवलीस. आठवडा झाला, गिऱ्हाईक येऊन परत जातंय आणि अंबूताई किनाऱ्यावरच. रात्री उठून टॉर्च घेऊन जातोस म्हणे. वहिनी रडत होती, "भावजी, तुम्ही काय केलंय ते एकदा सांगून टाका हो. मी पाया पडते."

म्हणून हे लिहिलं. तिला वाचून दाखव.

मी काही केलेलं नाही. एकूण एक बोल्ट मेस्त्रीनं सांगितला तेवढाच आवळलाय. बेअरिंग लावताना हात धुऊन लावलंय. जस्ताचे तीन नवे ठोकळे पेटीत वरच ठेवलेत, कोरे. ते आधी लाव. आणि इंजिन बंद कर, दिवसातून दहा वेळा उघडलंस तर वाळू खरंच जाईल आत.

अप्पांना मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. ते तुझ्याजवळच राहू दे. मेस्त्रीनं मला कायमचं ठेवून घेतलंय. भोंगा लपवलाय त्यानं.

अण्णा, मी काहीतरी केलं असतं तर तुला एव्हाना सापडलं असतं.

पुंडलिक